घाटातली काजळी

(चिखलदऱ्याच्या घाटातलं एक वळण. उभी मोटार, उघडं बॉनेट. माणसं तीन : अमरावतीचे वकील कमलाकांत, त्यांची पत्नी सिंधू, मिस्त्री श्रावण.)

कमलाकांत : हेच वळण, श्रावण. मागच्या दोन्ही खेपांना इथूनच तोंड फिरवलं होतं या गाडीनं.

श्रावण : तवा ते इवलंसं कार्बोरेटर होतं साहेब. आता मिलिटरीच्या ट्रकाचं लावलं. अकोल्याच्या भंगारात चार दिवस हुडकलं मी.

कमलाकांत : तरी वळण तेच!

श्रावण : परतवाड्यापर्यंत कशी पळाली? तुमीच म्हनले ना, श्रावण, घोडं केलंस घोडं!

कमलाकांत : सपाटीवर माझे अशीलही पळतात. चढावर कळतं. बंद पडायच्या आधी धूर पाहिलास? शाई ओतल्यासारखा.

सिंधू : अहो, त्याला पाहू द्या की. अंगावर उभे राहू नका.

कमलाकांत : मी काय बोललो? आज परत फिरलो तर सोमवारी ओमप्रकाश येतोच आहे अकोल्याहून, गाडी पाहायला. विकून टाकतो त्याला. तिसऱ्यांदा हसं नको.

सिंधू : द्या हो. पण आज पोचवा. कुंदाचं लग्न होऊन चार वर्षं झाली, पोरीची वर चिखलदऱ्यातली चूल अजून पाहिली नाही मी. आता सातवा महिना. डॉक्टरांनी तिला घाट उतरायला मनाई केलीय, मग ओटी भरायला आईनंच चढायचं ना?

श्रावण : बस नसती का भेटली, माय?

कमलाकांत : सकाळची एकच. ती गेली आपल्या डोळ्यांदेखत. मीच म्हटलं, आपली गाडी आहे ना!

सिंधू : जाऊ द्या. माझा नियम राहिलाय सकाळपासनं. तुमचं चालू द्या, मी या दगडाच्या आडोशाला दिवा लावते.

कमलाकांत : अजून पाणीसुद्धा घेतलं नाहीस?

सिंधू : दिव्याआधी कसं घेईन?

श्रावण : घ्या, काडीपेटी. माझे हात तेलकट हायेत, पेटीले लागलं असन.

सिंधू : दिवाही तेलाचाच आहे रे.

कमलाकांत : अगं, वात केवढी! निरांजन का मशाल?

सिंधू : गाडीच्या हादऱ्यात वळली, जाड झाली. पाहा कशी काजळी धरली लगेच. थांबा, सोडवून निम्मी करते.

श्रावण : माय, जरा इकडं या. हा प्लग पाहा. इंजिनात ठिणगी पाडते तो. सकाळी मी कोरा करकरीत लावला होता.

सिंधू : अगोबाई! हे तर आमच्या निरांजनाच्या काठासारखं झालंय. बोट लावलं की काळं.

श्रावण : तुमच्या घरी असं कवा होते?

सिंधू : वात जाड झाली, नाहीतर कोनाड्यात वारा पोचेना, की होतं. वात जाड केली म्हणून दिवा मोठा होत नाही. तेल ओढतो नुसतं, आणि धुरकटतो.

श्रावण : वारा... इथं वर हवा पातळ हाये. अन् मी पेट्रोल पाजाले ट्रकाचं तोंड लावलं या लहान गाडीले. खाली हवा भरपूर, तवा सारं पेट्रोल जळून गेलं. इथं तिले ठसका लागून राह्यला! मोठं म्हनजे जोर, असंच समजलो मी.

कमलाकांत : म्हणजे जुनं परत बसवायचं? ते तर कधीच चढलं नाही.

सिंधू : अख्खं कशाला? मी निरांजन बदललं का? वात तेवढी बदलली.

श्रावण : जेट! साहेब, ज्या भोकातून पेट्रोल येते ना, ते पितळेचं बोंडुक. ते जुन्यातलं बारीक लावतो यात. हवा ट्रकाची, पेट्रोल घरचं. दोन्ही एकाच कंपनीचे, आटे जुळतीन. पन जुनं कार्बोरेटर...

कमलाकांत : डिक्कीत आहे.

श्रावण : व्हय! तुमीच ठेवाले लावलं. 'पुरावा म्हणून राहू दे.' लय राग आला होता मले.

कमलाकांत : पुरावा कुणाच्या बाजूनं जाईल, ते वकिलालासुद्धा आधी कळत नाही बाबा. थांब, मी काढतो.

सिंधू : श्रावण, हात पूस आणि हे घे. गूळखोबरं.

श्रावण : माय, राग नका मानू. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरी नैवेद्य-परसाद घेत नाही.

सिंधू : राग कशाचा? हे डब्यातलं, अजून दाखवलेलं नाही. सकाळपासनं तूही उपाशीच आहेस, म्हणून देते.

श्रावण : मंग द्या. दोन द्या.

कमलाकांत : हे घे तुझं बोंडुक. बसतंय?

श्रावण : आईच्या मांडीवर बसल्यावानी. प्लगही पुसून लावला. चला, बसा गाडीत.

सिंधू : दिवा शांत होऊ दे आधी. फुंकायचा नाही, आणि जंगलात जळता सोडायचा नाही. जावई जंगलखात्यातले, काय म्हणतील?

कमलाकांत : आणखी किती वेळ?

सिंधू : निम्मी वात आहे. तोवर मी पाणी पिते.

श्रावण : होऊ द्या, साहेब. इंजिनही थंडं होऊन राह्यलं तवर.

सिंधू : झाला हो. चला.

श्रावण : माय, तुमी मागच्या काचेतून पाहा. काळं दिसलं की सांगा.

सिंधू : धूळ आहे. नुसती धूळ.

कमलाकांत : दुसरा गियर टाक! अरे, वळण आलं!

श्रावण : दुसराच हाये, साहेब. वळण मागं पडलं.

कमलाकांत : पडलं?

सिंधू : पडलं. माझा तो दगडही दिसेनासा झाला.

कमलाकांत : ...कुंदा काय म्हणेल गं?

सिंधू : म्हणेल, किती उशीर. हिरव्या बांगड्या नीट धरा, हादरे बसताहेत. आणि सोमवारचं काय करायचं? ओमप्रकाशजी येतील ना गाडी पाहायला?

कमलाकांत : येतील. चहा घेतील, जातील.