ज्याने सांडलं

—अहो उठू नका, त्याच खुर्चीत बसा, पोरांची असली म्हणून काय झालं, मोडली तर मीच नीट करीन — या बालवाडीचा सुतार मीच, आणि ज्या बाईंना मागणी घालायला आलात त्यांचा बापही मीच. गुडघे कानाला लागतायत? लागू द्या. चहा घ्या. कप हळूच ठेवा हां, टेबल जरा — काही नाही, ठेवा.

आत आवरतेय ती, येईल. तुम्हाला म्हणून सांगतो, पोरगी भारी अवघड. पोरांशी खोटं बोलत नाही. काचेच्या भांड्यातला मासा मेला, मी पोरांना म्हटलं, मामाकडे गेलाय — तर ही माझ्यादेखत म्हणते, नाही, मेला तो, आजोबा थापा मारतात. सगळी चिल्लीपिल्ली माझ्याकडे बघायला लागली, जसा काही मीच तळून खाल्ला. एखादं पोरगं बुटाच्या नाडीशी तासभर झटतं, ही शेजारी बसून राहते, पण हात लावणार नाही. मी म्हणतो, अगं बांधून टाक की — तर म्हणते, बाबा, त्याची नाडी आहे. घ्या. आणि ज्याने सांडलं त्याने पुसायचं. रागवत नाही, बोलत नाही, नुसतं फडकं पुढे करते—

सांडला? अरेरे. पँटवर पण? हसत नाहीये हो, खोकला आहे. सगळ्यांचाच सांडतो. मागचा आला होता तो ओरडला, कोण आहे तिकडे, पुसून घ्या जरा. गेला. त्याच्या आधीचा टेबलालाच शिव्या घालत बसला. तोही गेला. तुम्ही रुमाल काढलात — आता आली का पंचाईत. रुमाल काढणाऱ्याचं काय करायचं, ते मी ठरवलंच नव्हतं.

कसा सांडला म्हणजे? टेबलाचा पाय आखूड आहे ना एक. कानशीने घासलाय, अगदी बेताने, कळत पण नाही — म्हणजे, झिजलाय. लाकूड झिजतंच. छे, मला कशाला वाटेल ती जाऊ नये म्हणून? घरात दोघंच आम्ही. संध्याकाळी मी थापा मारतो, ती पकडते, मग दोघं हसतो. ती गेली तर पकडणार कोण — ते जाऊ द्या. रुमाल पिळा तुमचा.

आलीस? कधीची उभी आहेस गं दारात? अगं, ह्यांच्या हातून सांडला, विचार ह्यांना. फडकं माझ्यापुढे काय धरतेस? कप त्यांचा, चहा त्यांचा, मी आपला इथे—

बरं. दे.

सरका हो जरा. रुमाल ठेवा खिशात, पुसायचं मला आहे.