घोरणारा पाहुणा

दवाखान्याच्या बाकावर, घरमालकांचे नखरे सोसून पिकलेला एक रंगारी प्लॅस्टरमधला हात सांभाळत बसला होता. शेजारी बापलेक. लेक नर्स होऊन जर्मनीला निघालेली. तिथली घरमालकीण संध्याकाळी फोनवर बोलून मगच खोली द्यायची की नाही ते ठरवणार होती.

“समज, मीच घरमालकीण.”

“बाबा, मग आधी मिशी झाका. इस्ट दास त्सिमर हेल? खोलीत उजेड आहे का?”

“आधी भाडं दे, मग काय उजेड पाडायचा तो पाड.”

“जर्मनमध्ये बोला!”

“घरमालकाचा माज कुठल्याही भाषेत कळतो गं. एकटीच राहणार?”

“या. इश वोने अलाइन. हो, एकटीच राहते.”

“हे बरं एका दमात आलं! पाहुणे येतात?”

“नाइन.”

“एकही नाही?”

“खोली हवी तर नाहीच म्हणायचं असतं, बाबा.”

“हं. बरोबर आहे.”

रंगाऱ्याने उगीचच आपल्या प्लॅस्टरकडे पाहिलं.

“चल, आता स्वयंपाकघर कुठे आहे ते विचार.”

“थांबा. पाहुण्यांचं पुन्हा विचारा.”

“पाहुणे येतात?”

“या. आइनर. एक येतो. घोरतो फार.”

“अगं, खोली जाईल हातची!”

“जाऊ दे. घोरणं चालेल अशी शोधू.”