रस्त्यापलीकडचं औषध

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या औषध कंपनीचे नवे जनरल मॅनेजर श्री. हेमचंद्र प्रधान, सत्कारमूर्ती डॉ. दिनानाथ गुप्ते, त्यांना इतकी वर्षं घरात सोसणाऱ्या माई, धर्मादाय दवाखान्याचे विश्वस्त, अंबरनाथ, पालेगाव, वांगणीहून आलेले माझे बंधुभगिनी, आणि केवळ चिवड्यासाठी थांबलेले मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी मला वेळ पाळायला शिकवलं खरं, पण लहानाची मोठी मी अंबरनाथमध्ये झाले. तेव्हा हमी देत नाही.

आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांना देवमाणूस म्हटलं. माफ करा, पण देव इतका ओरडत नाही. यांच्या दवाखान्यात रोग्याला आधी शिव्या मिळायच्या, मग गोळ्या.

"बिडी सोडलीस?"

"सोडली डॉक्टर."

"मग खिशात काय आहे, उदबत्ती?"

हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्यांनी हे ऐकून घेतलं आहे. माझ्या आईनंसुद्धा. ती तर बिडी ओढतही नव्हती.

तर टीबीचा दवाखाना रस्त्याच्या या बाजूला आणि टीबीच्या कॅप्सूल बनवणारी आपली कंपनी त्या बाजूला. मी तिथं मालक विष्णुपंतांची सेक्रेटरी होते. विष्णुपंत माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. मला तापात त्यांनी स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं होतं. ऐंशीच्या दशकात आमचा माल उल्हासनगरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जायचा आणि तिथून रास्त भावात आमच्याच समोरच्या दवाखान्यात यायचा. वळसा होता, पण औषध पोचायचं.

मग एक्याण्णव साल आलं. रुपया घसरला, देशाचे दरवाजे उघडले आणि आमच्या कॅप्सूलला बाहेरून मागणी आली. आम्ही ऑफिसात पेढे खाल्ले. खोटं कशाला बोलू, मी दोन खाल्ले. भिंतीवर जगाचा नकाशा लागला आणि त्यावर लाल टाचण्या टोचल्या. जो तो म्हणे, जग जवळ आलं. आलं की! हॅम्बुर्ग जवळ आलं, नैरोबी जवळ आलं. समोरचा दवाखाना तेवढा लांब गेला. उल्हासनगरचे शेठ डॉक्टरांना म्हणाले, "साईं, माल कुठला देऊ? सगळा एक्स्पोर्टला जातो. जो उरतो त्याचा भाव ऐकलात तर तुम्हालाच औषध लागेल."

त्या वेळी पालेगावची वेणू भोईर दवाखान्यात यायची. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, बोलायला लागली की खोकायची आणि खोकून झालं की हसायची. तिचा कोर्स अर्ध्यावर आला आणि औषध संपलं. टीबीत अर्धवट औषध म्हणजे काय, हे डॉक्टरांनी त्यांच्या सौम्य भाषेत समजावलं होतं: "निम्म्यात थांबलात तर जंतू मरत नाही. तो एक्स्पोर्ट क्वालिटीचा होतो." मग त्याला कुठलंच औषध बाधत नाही.

आणि वेणूचा बाप, हरिचंद्र, कुठं कामाला होता? आमच्याच कंपनीत, पॅकिंगमध्ये. मुलीला हवी असलेली कॅप्सूल तो दिवसभर स्वतःच्या हातांनी खोक्यात भरायचा आणि सुटीच्या वेळी गेटवर झडती देऊन रिकाम्या हातांनी घरी जायचा. चोरी त्याच्या मनात आली नसेल? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत तुम्हाला झाली असती का?

डॉक्टर विष्णुपंतांना भेटायला आले की मी त्यांना चहा द्यायची आणि साहेब मीटिंगमध्ये असायचे. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बाई, चहा उत्तम करता, पण मी काही खोकल्यासाठी आलेलो नाही." आणि निघून गेले.

मग त्र्याण्णवचा दसरा आला. तुम्हाला ठाऊक आहे, एरवी आपल्या कारखान्यांत चिटपाखराला प्रवेश नसतो, पण दसऱ्याला मशिनची पूजा असते आणि कामगारांच्या घरच्यांना गेट मोकळं असतं. बायकापोरं नटून येतात, मशिनला झेंडूचा हार, सगळ्यांना पेढा. नेमकी त्याच दिवशी परदेशातली दोन गिऱ्हाइकं पाहणीला आली होती. विष्णुपंतांनी त्यांनाही कुंकू लावलं.

तेवढ्यात गेटवर हरिचंद्र आला. मागे वेणू, आणि तिच्या मागे रांगच. प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल बांधलेला. शेवटी डॉक्टर, फेटा बांधून.

वॉचमन म्हणाला, "हरिचंद्र, हे सगळे घरचे?"

"होय साहेब. मावश्या, मामा."

"इतक्या मावश्या?"

"आमचे घरान मावश्या मोजत नाय."

"आणि हे फेटेवाले?"

"मी नवऱ्या मुलाचा काका," डॉक्टर म्हणाले. नवरा मुलगा कुठला, ते कुणी विचारलं नाही.

रांग सरळ विष्णुपंतांपुढे आली. एकेक जण आपट्याचं पान देतो आणि म्हणतो, "सोनं घ्या, साहेब." नाही कसं म्हणणार? सणाचा दिवस! वेणूनं एक पान परदेशी पाहुण्याच्याही हातात ठेवलं. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, यांच्या तोंडाला रुमाल का?

विष्णुपंत ओठ न हलवता म्हणाले, "सांगा, धुळीची ॲलर्जी."

डॉक्टर म्हणाले, "सांगा, टीबी. औषध इथंच बनतं, यांना मिळत नाही."

दोघांच्या मध्ये मी, हातात पेढ्यांचं ताट. वेणू माझ्याकडे बघत होती. ती खोकली आणि सवयीनं हसली. मी डॉक्टरांचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. अगदी व्याकरणशुद्ध सांगितलं. सिस्टर्स खूश झाल्या असत्या. विष्णुपंतांना इंग्रजी येत होतं, हीच काय ती अडचण.

पाहुण्यानं भिंतीला लावलेल्या खोक्यांकडे पाहिलं, मग विष्णुपंतांकडे. विष्णुपंतांचं कुंकू घामानं नाकावर आलं. ते म्हणाले, "अहो, द्यायचं ठरलेलंच आहे! दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करतोय."

"मग मुहूर्त टळायला नको," डॉक्टर म्हणाले.

हरिचंद्रानंच खोकं फोडलं. आयुष्यभर खोकी बंद करणाऱ्या माणसाला ते पटकन उघडता येईना. वेणूनं पहिली कॅप्सूल तिथंच, मशिनसमोर, पाण्याच्या घोटाबरोबर घेतली. एक मावशी पाकीट उलटसुलट करून कुरकुरली, यावरचं वाचता येत नाही. डॉक्टर ओरडले, "वाचायचं नाही, गिळायचं!"

त्या दिवसापासून दवाखान्याचा वाटा दर महिन्याला रस्ता ओलांडून येत राहिला. विष्णुपंतांनी तो कधी चुकवला नाही, आणि मला कामावरूनही काढलं नाही. वेणू बरी झाली. पालेगावात बालवाडी चालवते. समोर बसली आहे, हल्ली खोकत नाही, नुसती हसते.

हे मी का सांगितलं? गेल्या वर्षी कंपनी परदेशी मालकांनी घेतली आणि दवाखान्याचा वाटा थांबला. अध्यक्षमहाराज सज्जन आहेत, ते म्हणतात, वर विचारावं लागेल. हे वर म्हणजे माडीवर नव्हे, समुद्रापलीकडे. इकडे वांगणीच्या बनूबाईंच्या कॅप्सूल येत्या आठवड्यात संपतात, कोर्स निम्म्यावर आहे. डॉक्टर उद्यापासून निवृत्त. बनूबाईंचा जंतू मात्र निवृत्त होत नाही.

प्रधानसाहेब, आम्ही शाल दिली, नारळ दिला. डॉक्टरांना त्यातलं काही नको आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. तुम्ही भाषण करू नका. वाटा पुन्हा सुरू करणार असाल तर नुसती मान हलवा.

पंख्याच्या वाऱ्यानं हलली का? नाही? परत एकदा, मागच्या रांगेला दिसेल अशी.

हलली! टाळ्या!

डॉक्टर, डोळे पुसा, लोक बघताहेत. माईंचे, विश्वस्तांचे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझी पाच मिनिटं कधीच संपली, आणि जीभही जरा सैल सुटली. त्याबद्दल थोरामोठ्यांनी क्षमा करावी. मी जे उणंअधिक बोलले ते घरी जाताना विसरून जा. अध्यक्षांची मान हलली, तेवढं कुणी विसरू नका.