जन्मतारखेची चौकशी

दि. १२ मार्च २००३

मी, बनाबाई ज्ञानू कांबळे, वय अंदाजे ६८ वर्षे, सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त, रा. कसबा बावडा, कोल्हापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटीच राहते. पती मयत आहेत. मुलगी सुजाता मलकापूर येथे शिक्षिका आहे.

गेल्या डिसेंबर महिन्यात दुपारी एकच्या सुमारास अतुल नाईक असे नाव सांगणारा इसम घरी आला. पेन्शन ऑफिसातून आलो म्हणाला. हातात फाईल होती. तुमची जन्मतारीख खोटी आहे, जास्तीची पेन्शन उचलली म्हणून अटक होणार, असे त्याने सांगितले. माझी खरी जन्मतारीख मला माहीत नाही. नोकरीला लागताना साहेबांनी अंदाजाने घातली होती. त्यामुळे मला ते खरे वाटले.

"आजी, मी हाय तवर तुमाला कोण हात लावणार न्हाय. पण कुणाला बोललासा तर पोरीची नोकरी बी चौकशीत येईल," असे तो म्हणाला.

तेव्हापासून दर महिन्याला पेन्शन काढली की तो येऊन पैसे नेत असे. जानेवारीत कानातली फुले नेली. मुलगी आली तेव्हा कानाला खाज सुटते म्हणून काढली, असे मी तिला सांगितले. तिने मलम आणून दिले. ते मी लावत होते. विहारात जाणे बंद केले. रस्त्याने पोलीस गाडी गेली की आतून कडी घालत होते.

परवा बँकेच्या रांगेत शेजारी सयाजी पोवार, निवृत्त ड्रायव्हर, यांनी विचारले, "बनाक्का, त्यो फाईलवाला तुझ्याकडं कशाला येतोय?" मी हयातीच्या दाखल्यासाठी म्हणाले. मग ते म्हणाले, "माझ्याकडं बी येतोय. सहा म्हैनं झालं. माझी बी तारीख चुकलीया म्हणतोय." आमच्या दोघांच्या घराची भिंत एकच आहे.

आज तो आल्यावर मी त्याला आत बसवले. आम्ही दोघांनी परवाच ठरवल्याप्रमाणे सयाजींनी बाहेरून कडी घातली व पोलिसांना फोन करण्यास गेले. घराला दुसरे दार नाही. त्याने दारावर लाथा मारल्या. "आजी, तुमीच आत जाशीला," म्हणाला. मी म्हणाले, "जाईन. बसा." सुमारे चाळीस मिनिटे आम्ही समोरासमोर होतो. त्याने मला मारहाण केली नाही. फाईल मी उघडून पाहिली. आत जुनी वर्तमानपत्रे होती.

पोलीस दारात आल्यावर बेड्यांसाठी मीही दोन्ही हात पुढे केले. हवालदारांनी ते खाली घ्यायला सांगितले.

मुलीला कळवू नये, अशी विनंती मी सुरुवातीस केली होती. ती मागे घेते. ठाण्यातल्या फोनवरून मी स्वतःच तिला सांगते.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.

बनाबाई ज्ञानू कांबळे