बाबांच्या पेशी

...आणि वर डॉक्टरीणबाई मलाच म्हणतात, अभिनंदन, तुमचे वडील तरुण होत चाललेत! तुम्हाला सांगतो, एवढ्या गोड बातमीनं तोंड एवढं कडू कधी झालं नव्हतं. शास्त्र आहे, आपण काय बोलणार?

म्हणजे बघा, आमचं खिळे-स्क्रू-कुलपांचं दुकान. गल्ल्याच्या खुर्चीवर बाबा, वय ब्याऐंशी. काउंटरमागे उभा मी, वय अठ्ठावन्न. आमच्या घरची रीत अशी, की जो थकेल त्यानं आपण होऊन घरी बसायचं. आजोबा तसेच बसले. मी आपला वाट बघतोय... आज थकतील, उद्या थकतील, आणि बाबा काय करतात? वय मागं नेणाऱ्या दवाखान्यात नाव घालतात. दिवस मावळायच्या आत जेवण, वेळेवर झोप, आणि व्यायाम म्हणून खिळ्यांची पेटी उचलतात, जी मला हमालाशिवाय जागची हलवत नाही. गिऱ्हाईक 'आजोबा' म्हणालं की माझ्याकडे बोट दाखवतात. शास्त्र आहे, आपण काय बोलणार?

मी म्हटलं, ठीक आहे, आता शास्त्राच्याच तोंडून वदवू. दाखल्यावरचं वय वेगळं, पेशींचं वेगळं, रक्तातून खरं कळतं म्हणे. मीच बाबांना धरून त्याच दवाखान्यात नेलं. एकदा थकलेत असं सिद्ध झालं की खुर्ची आपली, नाही का? पण तिथं पाटी... एका तपासणीवर दुसरी मोफत. मी व्यापारी माणूस, फुकटची वस्तू सोडून घरी आलो असतो तर घास उतरला असता का? केली बाही वर.

बाबांच्या पेशी निघाल्या एकसष्टच्या. माझ्या... एकाहत्तरच्या. म्हटलं, बाई, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. तर म्हणतात कशा, अगदी गोड आवाजात, "काका, नळ्या नाही, सवयी बदला."

बाबांनी दोन्ही निकाल चष्म्याशिवाय वाचले. हसले असते तर परवडलं असतं हो. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, थकलास तू. बोलायचं नाही का? उद्यापासून घरी बस."

"आणि दुकान, बाबा?"

"मी आहे ना. वय कमी झालं की ये, ठेवून घेईन."

शास्त्र आहे, आपण काय बोलणार... हल्ली रोज पहाटे धावतो. शेजारी विचारतात, या वयात एवढी घाई कसली? म्हटलं, वडिलांच्या वयाचं व्हायचंय.