ठाण्याच्या यादीतलं नाव

माझ्या आधीची दोन पोरं जगली नाहीत म्हणून मायनी मला सुपात लोळवलं आन् नाव ठेवलं सुपडू. धुळ्यापासून दहा-बारा कोसावर आमचं गाव, कोरडवाहू जमीन, बाजरी आन् भुईमूग, आन् बांधाला बांध लागून चुलतभाऊ धुडकूचं शेत. आम्ही दोघं एका ताटात जेवलेले, तुम्ही लिहून घेताय म्हणून हे आधीच सांगतो ताई, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल जन्माचे वैरी व्हते.

ऐंशीच्या पुढचं साल. बांधावर बाभूळ व्हती, वखराला लाकूड पाहिजे म्हणून मी तोडायला घेतली, धुडकू आला, म्हणे बाभूळ मनी शे, माझी आहे, मी म्हटलं नाही, मनी शे, बोलण्यावर बोलणं वाढलं, त्यानं कुऱ्हाड धरली, मी हिसकली आन् फिरवली. फिरवली ताई, आपोआप लागली असं नाही म्हणत मी. त्याच्या उजव्या हाताची अंगठ्यासकट तीन बोटं गेली.

अडीच वर्षांची शिक्षा झाली. धुळ्याच्या जेलात जेलरसाहेबांनी आम्हा आठ-दहा जणांना बाहेर काढलं, मागं उघडा माळ व्हता, म्हणे इथं निंब लावा, करंज लावा, जो झाडं जगवील त्याला शिक्षेत सूट मिळावी म्हणून मी वर लिहीन. काय सांगू तुम्हाला, त्या माळावर कुसळ उगवत नव्हतं. रोपाच्या मुळाशी मडकं पुरायचं, मडक्याला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, थेंब थेंब पाणी. माझी बहुतेक झाडं जगली. चार महिने आधी सुटलो, साहेबांनी हातात चिठ्ठीही दिली, हा माणूस झाडं जगवतो म्हणून.

पण सुटलो म्हणजे काय, आमच्या पोलीस ठाण्याच्या, नजर ठेवायच्या माणसांच्या यादीत नाव पडलं व्हतं. गावात कोणाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली की हवालदार माझ्या दारात. गणपती आले, इलेक्शन आलं, की दिवसभर ठाण्यात बसवून ठेवायचे. मोठ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कप हातात, आन् हवालदार दारात उभा. पाहुण्यांनी कप खाली ठेवले आन् उठले. पोरगी कप उचलून आत गेली.

मग गावच्या गायरानात वनीकरणाचं काम निघालं, त्यांना राखणदार पाहिजे व्हता. जेलरसाहेबांची चिठ्ठी दाखवली, लागलो. पाच वर्षं मी आन् मनी घरवाली, दोघांनी डोक्यावर पाणी वाहिलं. वनीकरणाचे साहेब एकदा ठाण्यातल्या नव्या फौजदारांना घेऊन आले. फौजदार फिरले, झाडं पाहिली, म्हणे, सुपडू, कोर्टाची शिक्षा काही मला पुसता येत नाही, पण ठाण्याच्या यादीतून नाव काढा असं मी वर लिहू शकतो. फक्त ज्याला मारलं त्याची हरकत नाही, असं लिहून आण.

आता आली का पंचाईत. आठ-नऊ वर्षं त्याच्या अंगणात पाय नव्हता ठेवला. दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो, तिसऱ्या दिवशी गेलो. धुडकू डाव्या हातानं शेंगा फोडत बसला व्हता. त्याची बायको मला पाहून आत निघून गेली. मी उभ्या उभ्याच कागदाचं सांगितलं, म्हटलं, तू नाही म्हटला तरी तुझं बरोबर शे. त्यानं हातातली शेंग फोडून दाणे टोपलीत टाकले. मग म्हणे, दुपारले मी गायरानमा तू लायेल निंबखालेच बसस, तुले माहीत शे का? मी म्हटलं, नाही. म्हणे, आन कागद. मी डाव्या अंगठ्यासाठी शाईची डबी काढली तर म्हणे, ठेव ती, डावा हातनी सही शिकनू मी. वाकडी वाकडी अक्षरं, पण पुरं नाव लिहिलं.

तीन महिन्यांनी ठाण्यात बोलावलं. वाटलं पुन्हा कुठं चोरी झाली. फौजदारांनी वही फिरवून दाखवली, माझ्या नावावर लाल रेघ. म्हणे, जा आता, यापुढं यायचं नाही. एष्टीनं घरी आलो, घरवालीला सांगितलं, ती चुलीपुढंच खाली बसली, आन् मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपलो, किती वर्षांची झोप व्हती कोण जाणे. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लगीन झालं.

आता बरं चाललंय. हवालदार रस्त्यात भेटला तर रामराम करतो. धुडकूची बोटं काही परत आली नाहीत, ते मी विसरत नाही, विसरूही नये. देव तुमचं भलं करो ताई, एवढं ऐकलं. पण जाताना समोरच्या घरी, धुडकूकडं, जाऊन या. त्यालाही इचारा. तो वेगळं सांगेल, तेही लिहा.