अकरा खुंट्या

ऐका. लाईट यायला अजून दोन तास आहेत. मोटरीपाशी बसून राहायचंच आहे, तर मी सांगतो. आणि रायाप्पा, तू जरा जवळ ये. तुला परवापासून कमी ऐकू येतंय असं वाटतं मला.

परवा ओढ्यापलीकडच्या वस्तीच्या खुंट्या कुणीतरी उपटल्या. वस्ती कर्नाटकातली, लाईटीचा डीपी आपल्याकडचा. दोन्हीकडच्या साहेबांनी एकत्र बसून ठरवलं, इथनंच तार न्यायची. पोलांच्या जागी खुंट्या रोवल्या. आणि आपल्यातलं कुणीतरी रात्रीत उपटून मोकळं झालं. का, तर म्हणे आपल्या मोटरीला लाईट कमी पडेल. मी आरडाओरडा करणारा माणूस नाही. पण दोन दिवस घास गोड लागला नाही मला.

मी आफ्रिकेत होतो, तुम्हाला ठाऊक आहे. टावरच्या गँगवर. दोन देश मिळून मोठी लाईन ओढत होते. एकाचं नाव घेतलं तर दुसरा सुटेल, म्हणून नावं घेत नाही. मधोमध म्तोंडो नावाचं गाव. सीमा म्हणजे काय, चुना फासलेल्या दगडांची ओळ. चूल अलीकडं, मक्याचं रान पलीकडं. बोली एकच. टावरची तार त्यांच्या डोक्यावरनं जाणार आणि खाली अंधार. त्या मोठ्या तारेतनं घरात लाईट घेता येत नाही. पण पलीकडच्या देशाचा डीपी अर्ध्या कोसावर होता. तिथनं गावच्या दवाखान्यापर्यंत अकरा खुंट्या रोवलेल्या, लाल फडकं बांधून.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक नर्स, चिकोंडीबाई. रोज सकाळी ती शेवटच्या खुंटीला हात लावायची, मग दार उघडायची.

एक दिवस आमचे साहेब म्हणाले, हे गाव आपल्या यादीत नाही, काढ खुंट्या. मी काढल्या. विचारलं नाही. अकराच्या अकरा काढल्या आणि त्यांच्यावर गँगचा चहा केला. चहा चांगला उकळला होता, हे मला अजून आठवतं, आणि आठवलं की माझाच मला राग येतो.

तीन आठवड्यांनी तियामिके नावाची बाई तिथं बाळंत होताना गेली. रक्त कुठनं जातंय ते चिकोंडीबाईला दिसेना. मेणबत्ती होती, ती संपली. मूल जगलं, आई गेली.

आता ऐका. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी म्तोंडोत तंबाखू आणायला गेलो. गप्पांत अंधार पडला. आमचा तळ दोन कोस. दुकानदार मावुतो, माझ्याच वयाचा, म्हणाला, "बाबा, सडकेनं जा. टावरखालनं जाऊ नको. ती विचारते."

"काय विचारते?"

"ज्याला विचारते त्यालाच कळतं."

"सडकेनं लांब पडतं रे."

"मग लांबनं जा. तुझी काय तिकडं बायको वाट बघतेय?"

हसतोस काय रायाप्पा? मीही हसलो होतो. हसत हसत टावरखालनं निघालो.

पहिला टावर गेला. दुसरा गेला. पाय कशाला तरी अडखळला. वाकून बघतो तर खुंटी. लाल फडकं बांधलेली. मी हात लावला. एक टोक जळलेलं, आणि गरम. आता बोला. महिन्यापूर्वी जाळलेली खुंटी गरम.

मी चालायला लागलो. भरभर. पुढच्या टावरची पाटी बघितली, दोनशे बारा. पुढं गेलो, दोनशे बारा. आणखी पुढं, पुन्हा दोनशे बारा. आकडे तेवढे मला वाचता येतात बरं का. चकवा लागला म्हणून मी चपला काढून उलट्या घातल्या, तरी दोनशे बारा. आणि दरवेळी टावरच्या पायाशी एक खुंटी जास्त.

मग समोर आमच्या तळाचा दिवा दिसला. धावलो. दिवा मागं सरकला. थांबलो, तो थांबला. आणि वरनं गुणगुण सुरू झाली, तारेत करंट असला की होते ना, तशी. ऐका नीट. त्या तारेत अजून करंट सोडलाच नव्हता.

दिवा विझला तेव्हा शेजारी एक बाई चालत होती. डोक्यावर मोळी. खुंट्यांची.

तिकडची बोली मला थोडी यायची. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी कुठल्या देशाची?"

मी म्हणालो, "अलीकडच्या."

डोळे मिटून उघडले तर मी पलीकडं. दगडांची ओळ माझ्या मागं. गुणगुण आणखी खाली उतरलेली.

"बाबा, मी कुठल्या देशाची?"

"पलीकडच्या, माय, पलीकडच्या."

पुन्हा मी अलीकडं. आता गुणगुण कानाला लागली. दात झिणझिणायला लागले, अंगावरचा केस न् केस उभा. तिसऱ्यांदा चुकलो असतो तर आज इथं बसलो नसतो.

तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी मटकन खाली बसलो. म्हणालो, "तू म्तोंडोची, बाई. खुंट्या मी काढल्या. साहेब बोलला, पण हात माझे."

तिनं मोळी माझ्यापुढं टाकली. "मग रोव."

दगडानं ठोकल्या. पलीकडच्या डीपीपासनं, चुन्याच्या दगडांवरनं, एकेक खुंटी. हात सोलपटले. जरा थांबलो की गुणगुण मानेपाशी यायची. अकरावी दवाखान्याच्या दारात बसली तेव्हा उजाडलं. मागं वळलो तर कुणी नाही.

चिकोंडीबाईनं दार उघडलं. खुंटी बघितली, माझे हात बघितले. आत नेऊन हात बांधून दिले.

दुपारी आमचे साहेब आले, तापलेले. पलीकडचे साहेबही आले. चिकोंडीबाई खुंटीला धरून उभी राहिली. म्हणाली, "हिला आधी हात लावा, मग तियामिकेच्या पोराला तोंड दाखवा." याद्या काढल्या. ह्यांच्या यादीत गाव त्यांचं, त्यांच्या यादीत गाव ह्यांचं. दोन देश, आणि गाव कुणाचंच नाही. तिथंच बोनेटवर कागद ठेवून ठरलं, तार पलीकडनं आणायची, देखभाल अलीकडच्यांनी करायची. सह्या व्हायला चौदा महिने लागले. बाई मरायला एक मेणबत्ती पुरली होती.

पण दिवा लागला. मी बघितला. त्याच्याखाली तियामिकेचं पोर दुडदुडत चालत होतं.

म्हणून सांगतो. उपटलेल्या खुंट्यांच्या वाटेनं रात्री जाऊ नका. ज्यानं उपटल्या त्यानं तर नकोच.

काय रायाप्पा, उठलास? लाईट यायची आहे अजून. घरी निघालास होय. जा की. तुझी वाट ओढ्यावरनंच ना?

हं, सडकेनं जातोस. बरं. लांब पडेल, पण जा.

आणि थांब. तुझ्या गोठ्यात माळ्यावर फडकं बांधलेलं काहीतरी दिसलं मला सकाळी. किती आहेत ते मी विचारत नाही. पहार माझी घेऊन जा. ओढ्याकाठची जमीन कठीण आहे, दगडानं हात सोलपटतात.